एका हातानं उचललेला खोका

१०,५२९. आकडा आधीच सांगून टाकते, कारण घरी मी तो अजून पूर्ण सांगितलेला नाही. ७,३८० सामानाचे, ६५० 'परत मिळणाऱ्या' पॅकिंग अनामतीचे आणि २,४९९ माझ्या अतिहुशारीचे. ते शेवटचे कसे गेले हे आठवलं की अजून कान गरम होतात, म्हणून ते नंतर.

करायचं होतं एक ऑटोमन, म्हणजे बिनपाठीचं गादीचं बैठं आसन. ६० बाय ६० सेंटिमीटर, चार पाय, वर गादी, कापड ताणून स्टेपल केलेलं. मी या कामात अगदी कच्ची नाही. एक बाक आणि दोन मांडण्या घरी केल्यात, ड्रिल आहे, स्टेपल गन आहे. फक्त लाकूड मापात कापून आणायचा आणि फोमसाठी वणवण करायचा कंटाळा आला होता. नेमका त्याच आठवड्यात तो व्हिडिओ समोर आला: सागाचे कापलेले पाय, पट्ट्या, ४० घनतेचा १० सेंटिमीटर जाडीचा फोम, वॅडिंग (फोम आणि कापडामधला कापसासारखा थर), कापड, स्क्रू, सगळं एका खोक्यात. किंमत ८,२००. सगळे पैसे आधी भरले तर दहा टक्के सूट. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मीही ओळखायला हवं होतं. पण त्यांचं वेबपान नीट होतं, पावतीचा नमुना होता, बोलणारा माणूस अदबीनं 'मॅडम, घाई करू नका' म्हणत होता. 'घाई करू नका' म्हणणाऱ्यावर संशय कसा घेणार? हीच त्यांची कला. ग्राहकांनी पाठवलेले म्हणून जे सहा फोटो होते, त्या सहाही घरांत एकच गालिचा होता, हे मला पैसे गेल्यावर दिसलं. फोटोतली वस्तू बघू नका, तिच्या मागची भिंत आणि खालची फरशी बघा.

आता तो क्षण. खोका दारात आला. मी तो एका हातानं उचलला आणि आत आणला. आई म्हणाली, "एवढं हलकं कसं गं? लाकूड आहे ना आत?" मी काय म्हणावं? "आई, हल्ली पॅकिंग हलकं असतं." पॅकिंग हलकं असतं! म्हणजे आतलं लाकूडही हलकं होतं की काय? चौदा वर्षं मी हिशेबाच्या कामात आहे. दुसऱ्यांच्या वह्यांतली चूक मला पान उलटताना दिसते. आणि खोक्यावरच्या चिठ्ठीवर वजन छापलं होतं: ४.९ किलो. छापलं होतं हो! मी ती चिठ्ठी फाडून कचऱ्यात टाकली, का, तर तिच्यावर पत्ता असतो आणि पत्त्याचा गैरवापर होतो म्हणून. सावधपणा बघा माझा.

हिशेब दोन मिनिटांचा आहे. सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो धरतात. चार पाय ५ बाय ५ बाय ३८ सेंटिमीटरचे, आठ पट्ट्या ५ बाय अडीच बाय ५० च्या. सगळं मिळून ८,८०० घनसेंटिमीटर, म्हणजे पावणेसहा किलोच्या आसपास. नुसतं लाकूड! फोमची 'घनता ४०' म्हणजे घनमीटरला ४० किलो. माझा तुकडा ०.०३६ घनमीटरचा, तर तो १.४४ किलो भरायला हवा. कापड, स्क्रू, पुठ्ठा सोडून दिला तरी सात किलोंच्या वर. आणि मी ४.९ किलो एका हातात घेऊन 'वा, घरपोच' म्हणत होते.

नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर फोम ठेवला. ६४० ग्रॅम. भागाकार केला तर घनता १८ सुद्धा येत नाही. "दाबून बघा मॅडम, किती कडक आहे," असं तो म्हणाला होता आणि मी दाबूनही पाहिलं होतं. कडकपणा आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हलका फोमही कडक बनवता येतो, फक्त तो टिकत नाही, महिन्याभरात खड्डा पडतो. माझ्याकडे पडला. पण म्हणून जड फोम मिळाला की लगेच खूश होऊ नका. कातरणांचे तुकडे चिकटवून केलेला ठोकळा तर ४० घनतेच्याही वर जातो. कापलेली कड बघा, रंगीबेरंगी ठिपके दिसतील.

दोन रविवार घालवले मी त्यावर. वेबिंग, म्हणजे गादीखालचे पट्टे, ताणून बसवलं, कोपऱ्याच्या चुण्या तीनदा उसवून पुन्हा घातल्या. आयुष्यात इतके सुबक कोपरे मी केले नव्हते. तिसऱ्या आठवड्यात एक पाय फिरला, वाकडा झाला. मग स्क्रूच्या भोकांपासून पट्ट्यांना तडे गेले, गोंद सुटला. ओल्या फडक्यानं पुसलं तर फडकं तपकिरी झालं आणि खालून पांढुरकं, भुसभुशीत लाकूड डोकावलं. साग कसला, रंग लावलेलं काहीतरी. एक पट्टी जास्तीची उरली होती. ती त्या दिवशी मोजली: २५१ ग्रॅम. महिन्यानं तीच पट्टी २१९. घरातल्या फर्निचरचं लाकूड आठ ते बारा टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून मग वापरतात. माझ्या पट्टीतून तीन आठवडे घरात पडून राहिल्यावरसुद्धा ३२ ग्रॅम पाणी बाहेर आलं. म्हणजे त्या ४.९ किलोंतही मी पाणीच विकत घेतलं होतं. (खोका उघडल्या उघडल्या पायाचा तळ, जिथे रंग पोचलेला नसतो, तिथे नखानं खरवडा. लाज बाळगू नका.)

तक्रारीची मुदत सात दिवसांची. लाकूड वाळून फिरायला तीन आठवडे लागतात. हा योगायोग आहे असं मला कोणी सांगू नये.

तरी मी फोन केला. आणि तो अदबीचा माणूस लगेच म्हणाला, "मॅडम, पूर्ण पैसे परत करतो, अनामतीसकट." लिंक आली, रक्कम दिसली, हिरवं बटण होतं, पिन टाकला. २,४९९ गेले. मला माहीत आहे, पैसे घ्यायला पिन लागत नाही. हे मी माझ्या मामांना दोनदा समजावून सांगितलंय! पण त्या क्षणी मी भांडण जिंकल्याच्या आनंदात होते, आणि जिंकलेला माणूस वाचत नाही.

मग सुरू झाली वरात. बँक म्हणाली, पिन तुम्ही स्वतः टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीनं झाला. पेमेंट ॲपवर माणूसच नाही, एक यंत्र आहे, ते दर वेळी 'मी तुमची अडचण समजू शकतो' म्हणतं आणि पहिल्या प्रश्नावर परत आणतं. पोलिसांकडे गेले. "ऑटोमन म्हणजे काय?" मी सांगितलं. त्यांनी 'स्टूल' लिहिलं. मग विचारलं, "स्टूल मिळालं ना? मग फसवणूक कसली? हा ग्राहकाचा वाद." ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर गेले तर म्हणे पैसे लिंकवरून गेले, हा सायबरचा विषय. सायबरवाल्यांनी विचारलं, वस्तू खराब असल्याचा पुरावा काय? मी काट्याचा फोटो दाखवला. घरचा काटा चालत नाही, प्रयोगशाळेचा अहवाल आणा! १.४४ किलोच्या जागी ६४० ग्रॅम हे सिद्ध करायला प्रयोगशाळा? माझ्याकडून तीच तक्रार तीन नमुन्यांत तीनदा लिहून घेतली. खोका उघडतानाचा व्हिडिओ आहे का, हे मात्र प्रत्येकानं विचारलं, त्यामुळे तेवढं तुम्ही कराच, आणि सुरुवात वजनाच्या चिठ्ठीपासून करा, खोका काट्यावर ठेवून. चिठ्ठी फाडू नका. अकरा आठवड्यांनी मला संदेश आला: 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.' कोणी केलं, काय केलं, कुणाला विचारून केलं? खाली पाच चांदण्या, सेवेला गुण द्या म्हणून. मी एक दिली. एकापेक्षा कमी देता येत नाही.

लोक म्हणतात, आधी पैसे भरलेसच कशाला. बरोबर आहे. पण सामान कापून देणारा साधा सुतारही आगाऊ मागतो, आणि मी त्यालाही देते. फरक एवढाच, की त्याच्याकडे गेल्यावर मी फळी उचलून बघते.

परवा तोच व्हिडिओ परत दिसला. नाव नवीन, गालिचा तोच, फोमची घनता आता ५० सांगतात. मी खाली फक्त एवढंच विचारलं: 'खोक्याचं एकूण वजन किती?' दहा मिनिटांत मला ब्लॉक केलं.