न जुळलेली कंपनी: विकावी, ठेवावी की तुकडे करावेत?

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चुकीची कंपनी विकत घेऊन बसलेल्या संचालक मंडळाची अवस्था अशीच असते. ठेवली तर दर तिमाहीला खुलासे द्यावे लागतात, विकली तर खरेदी फसली हे चारचौघांत कबूल करावं लागतं. म्हणून निर्णय लांबतो, आणि बहुतेक वेळा हे लांबवणंच सगळ्यांत महाग पडतं.

तुलनेला बसण्याआधी खरेदीची किंमत कागदावरून खोडून टाका. ती विकली तरी गेली, ठेवली तरी गेली. गुडविलचं, म्हणजे मालमत्तेच्या किमतीहून जास्त मोजलेल्या रकमेचं, मूल्य कमी केलं की हिशेबात मोठा तोटा दिसतो आणि सगळ्यांचे चेहरे उतरतात, पण त्या दिवशी तिजोरीतून एक पैसाही बाहेर जात नाही. आजपासून पुढे ही कंपनी कोणाच्या हातात जास्त कमावेल, आपल्या की दुसऱ्याच्या, एवढंच बघायचं.

आणखी एक गल्लत सर्रास होते. ‘जुळत नाही’ आणि ‘चालत नाही’ ही दोन वेगळी दुखणी आहेत. ऑनलाइन लिलाव चालवणाऱ्या ईबेने 2005 मध्ये सुमारे 2.6 अब्ज डॉलरला स्काइप ही इंटरनेटवरून बोलण्याची सेवा घेतली. लिलावात विकणारा आणि घेणारा एकमेकांशी बोलतील, ही कल्पना. प्रत्यक्षात त्यांना बोलायची फारशी गरजच नव्हती. 2007 मध्ये ईबेने त्यापोटी सुमारे 1.4 अब्ज डॉलरचा फटका हिशेबात दाखवला. पण स्काइप वापरणारे मात्र वाढतच होते. धंदा धडधाकट होता, घर चुकलं होतं. 2009 मध्ये ईबेने सुमारे 70 टक्के हिस्सा गुंतवणूकदारांच्या गटाला विकला तेव्हा कंपनीची किंमत 2.75 अब्ज ठरली, आणि 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टने तीच 8.5 अब्जांना घेतली. राखून ठेवलेल्या हिश्शामुळे ईबेलाही त्यात वाटा मिळाला. ‘लवकर विकलं, फसले’ असं म्हणणारे हा हिस्सा विसरतात.

याच्या अगदी उलट क्वेकर ओट्स या खाद्यपदार्थ कंपनीची गोष्ट. 1994 मध्ये त्यांनी स्नॅपल हे पेय 1.7 अब्ज डॉलरला घेतलं. त्यांचं खेळाडूंसाठीचं पेय गेटोरेड सुपरमार्केटच्या गोदामांतून जायचं, स्नॅपल मात्र छोट्या, स्वतंत्र वितरकांच्या जिवावर उभं होतं. क्वेकरने वितरकांपुढे अदलाबदल ठेवली: सुपरमार्केटमधलं स्नॅपल आम्हाला द्या, त्याबदल्यात छोट्या दुकानांतलं गेटोरेड तुम्ही घ्या. वितरकांनी ते धुडकावलं, खप घसरत गेला, आणि 1997 मध्ये कंपनी 30 कोटी डॉलरला ट्रायआर्क या कंपनीकडे गेली. नव्या मालकाने वितरकांशी नातं सांधलं, ब्रँड सावरला आणि 2000 मध्ये कॅडबरी श्वेप्सला कैक पट किमतीला विकला. पेय तेच होतं, फक्त मालक बदलला होता. क्वेकरने विकलं ते बरोबरच. पण ब्रँडचा रंग उडाल्यावर विकलं.

मग ठेवण्याच्या बाजूने काय? सोनीने 1989 मध्ये कोलंबिया पिक्चर्स हा चित्रपट स्टुडिओ 3.4 अब्ज डॉलरला घेतला आणि 1994 मध्ये सुमारे 2.7 अब्जांचं मूल्य हिशेबातून कमी केलं. तेव्हा ‘विकून मोकळे व्हा’ म्हणणं सोपं होतं. सोनीने विकलं नाही, आणि आज चित्रपट हा त्या समूहाचा एक मुख्य धंदा आहे. पण यातून ‘धीर धरा’ एवढाच धडा घेणं घातक. सोनीने नुसती वाट पाहिली नाही, स्टुडिओची सूत्रं नव्या माणसांकडे दिली. पुढच्या वर्षी आपण नेमकं काय वेगळं करणार, हे एका पानात लिहिता येत नसेल, तर ‘ठेवू’ म्हणण्याला अर्थ नाही.

तिसरी वाट मला सगळ्यांत व्यवहारी वाटते: तुकडे करणं. बीएमडब्ल्यूने 1994 मध्ये रोव्हर हा ब्रिटिश मोटार समूह 80 कोटी पौंडांना घेतला. 2000 मध्ये त्यांनी लँड रोव्हर फोर्डला विकली, रोव्हर मोटारी नाममात्र 10 पौंडांत दिल्या आणि मिनी आपल्याकडे ठेवली. गूगलनेही मोटोरोलाचा फोनचा धंदा लेनोव्होला दिला, पण बहुतेक पेटंट्स हातची सोडली नाहीत. ज्यासाठी खरेदी केली ते आणि सोबत गळ्यात पडलेलं ते, यांचे हिशेब वेगळे मांडले की असा पर्याय दिसतो.

आता विक्रीच्या बाजूचा छुपा खर्च, जो सादरीकरणात क्वचितच येतो. समजा मुख्यालयाच्या संगणक, लेखा आणि कायदा विभागांच्या खर्चाचा पाचवा हिस्सा या उपकंपनीच्या माथी टाकलाय. ती गेली की तो खर्च जात नाही, उरलेल्या धंद्यांवर येऊन बसतो. शिवाय विक्रीनंतर बऱ्याचदा वर्ष-दीड वर्ष खरेदीदाराला आपल्याच यंत्रणा वापरू द्याव्या लागतात. आणि हेच गणित उलटंही चालतं: कागदावर तोट्यात दिसणारी उपकंपनी वाटून आलेला खर्च वगळला की कधीकधी नफ्यात निघते. हा एक आकडा तपासल्याशिवाय कुठल्याच बाजूने मत देऊ नका.

माझा कल असा: धंदा चांगला आणि जुळणी वाईट असेल, तर घसरण सुरू होण्याआधी विका आणि जमल्यास थोडा हिस्सा ठेवा. जुळणी चांगली आणि कारभार वाईट असेल, तर माणसं बदला. दोन्ही वाईट असतील, तर मिळेल त्या भावाला सोडा.

विकायचं ठरलं, तर ‘सर्व पर्यायांचा विचार सुरू आहे’ असं जाहीर करण्याआधी चार-पाच संभाव्य खरेदीदारांची नावं हाताशी ठेवा आणि कळीच्या माणसांशी कंपनीत टिकून राहण्याचे करार करून टाका. बातमी फुटल्यावर सगळ्यांत आधी तीच माणसं दुसरीकडे अर्ज टाकतात, आणि खरेदीदार किंमत लावत असतो ती बऱ्याच अंशी त्यांच्यासाठीच.