टोचायची, बुडवायची की खाऊ घालायची? माशांच्या लशीची निवड

माशांना लस द्यायचं ठरलं की चर्चा लगेच खर्चावर जाते. मी आधी विचारेन, ज्या रोगाची धास्ती आहे तो अंगात शिरतो कुठून? बहुतेकदा कल्ल्यांतून, कातडीतून नाहीतर आतड्यातून. तिन्ही ठिकाणी बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो आणि तिथला पहारा रक्तातल्यापेक्षा वेगळा असतो.

रक्तात मुख्यतः आयजीएम ही अँटिबॉडी फिरते, श्लेष्म्यात आयजीटी या दुसऱ्या अँटिबॉडीचं काम मोठं. आयजीटीची ओळख २००५ मध्ये पटली. २०१० मध्ये रेनबो ट्राउटवरच्या अभ्यासात दिसलं, की आतड्यातल्या परजीवीविरुद्ध आतड्यात आयजीटी वाढते, रक्तात आयजीएम. म्हणजे रक्ताचा अहवाल झकास असूनही दारावर पहारा ढिला असू शकतो. (चॅनल कॅटफिशमध्ये आयजीटीचं जनुकच नाही, तेव्हा ट्राउटचा निष्कर्ष सगळ्या माशांना लावू नका.)

टोचण्याची लस सर्वांत भरवशाची. पोटपोकळीत ०.०५ ते ०.१ मिलीलीटर, प्रत्येक माशाला मोजून. त्यात तेल असलं तर संरक्षण लांबतं. नॉर्वेत सामन माशांच्या शेतीतला अँटिबायोटिकचा वापर कोसळला, त्यात अशा तेलयुक्त लशींचा वाटा फार मोठा. पण त्याच तेलामुळे पोटातले अवयव एकमेकांना चिकटतात, वाढ मंदावू शकते. शिवाय भूल द्या, हातात धरा, एकेक टोचा. या धरपकडीत श्लेष्म्याचा थरही खरवडला जातो. जो थर जपायचा, तोच! अगदी लहान पिल्लांना तर सुई झेपतच नाही.

तिथे बुडवण्याची लस कामी येते. पातळ केलेल्या लशीत पिल्लं अर्धा-एक मिनिट ठेवली की लस थेट कल्ल्यांना आणि कातडीला भिडते. ट्राउटच्या 'लाल तोंड' रोगावरची अशी लस अमेरिकेत १९७६ पासून परवानाप्राप्त आहे. हजारो पिल्लं झटपट उरकतात. मात्र संरक्षण टोचणीइतकं टिकत नाही, आणि मासे वजनदार झाले की लस इतकी लागते की हिशेब बिघडतो.

खाद्यातली लस ऐकायला सर्वांत गोड: ना जाळं, ना ताण. १९४२ मध्येच ट्राउटवर तिचा प्रयोग झाला होता. अडचण जठरातल्या आम्लाची. आतड्याच्या मागच्या भागात पोचण्याआधीच लस पचून जाते, म्हणून तिला वेष्टन लागतं. कार्प कुळातल्या माशांना जठरच नसतं, त्यांच्यात ही अडचण कमी. पण दांडगा मासा दोन घास जास्त खातो आणि आजारी मासा खातच नाही, मग कुणाला किती डोस गेला ते कसं कळणार? एकट्या खाद्यलशीवर मी विसंबणार नाही. पुढचा बूस्टर म्हणून ती चालेल.

पिल्लांचा धंदा असेल तर बुडवणी पुरते. मासे दीर्घकाळ वाढवायचे असतील आणि रोग रक्तात पसरणारा असेल, तर लहानपणी बुडवणी, पुढे टोचणी. थंड पाण्यात प्रतिकारशक्ती हळू जागी होते, म्हणून साथीच्या हंगामाच्या बऱ्याच आधी लस द्या. आणि विक्रेत्याला अँटिबॉडीचा आकडा विचारण्यापेक्षा, जंतूशी गाठ घालून दिल्यावर लसवंत मासे किती जगले आणि बिनलशीचे किती, ते विचारा.