मोठ्या ऑक्शन हाऊसचं लाइव्ह स्ट्रीम: जरूर बघा, पण लॉटचं पान आधी वाचा

मोठी ऑक्शन हाऊसेस हल्ली संध्याकाळचे लिलाव ऑनलाइन लाइव्ह दाखवतात, नुसतं बघायला पैसे लागत नाहीत, आणि मी ते नेमाने बघते म्हणून लिहावं म्हटलं. एका कुणाचं नाव घेत नाही, सगळ्यांचा साचा साधारण सारखाच आहे.

आधी चांगलं सांगते. फोटो इतके भारी असतात की झूम केलं की ब्रशचे फटकारे, रंगाला गेलेले तडे सगळं दिसतं. शिवाय लॉटच्या, म्हणजे लिलावातल्या एकेका वस्तूच्या, पानावर चित्र आजवर कुणाकुणाकडे होतं, कुठल्या प्रदर्शनात लागलं होतं ही माहिती असते. एवढं फुकट मिळतं याचं मला खरंच कौतुक आहे.

गडबड होते ती लिलाव सुरू झाल्यावर. चित्र कोपऱ्यात एवढंसं आणि आकडा मोठ्ठा, चार-पाच करन्सीत पळतोय, फोनवरची माणसं तोंडावर हात धरून कुजबुजतायत, हातोडा पडला की टाळ्या, आणि थोड्या वेळात आपणही चित्र सोडून आकडाच बघायला लागतो. लिओनार्दो दा विंचीचं म्हणून 2017 मध्ये क्रिस्टीज या ऑक्शन हाऊसने न्यूयॉर्कला विकलेलं साल्वातोर मुंडी हे चित्र आठवा. जवळपास 19 मिनिटं बोली चालली, हातोडा 40 कोटी डॉलरला पडला आणि बातमीत आकडा आला 45.03 कोटी, कारण वरची 5 कोटी फी होती, म्हणजे बायर्स प्रीमियम, जी घेणारा ऑक्शन हाऊसला देतो. एस्टिमेटमध्ये, म्हणजे आधी जाहीर केलेल्या अंदाजे किमतीत, ही फी धरत नाहीत, बातमीतल्या आकड्यात धरतात, त्यामुळे 'अंदाजापेक्षा जास्त किंमत आली' असं ऐकलं की आधी फी वजा करून बघत जा. आणि ते 500 वर्षं जुनं चित्र विकलं कशात, तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आणि समकालीन कलेच्या लिलावात, कारण मोठा पैसा तिथे बसलेला असतो. प्रमोशनच्या व्हिडिओत चित्राऐवजी ते बघणाऱ्यांचे चेहरे होते, त्यात लिओनार्डो डिकॅप्रिओही. ते सगळं चित्र दा विंचीच्याच हातचं आहे का यावर जाणकारांचं अजून एकमत नाही, पण त्या संध्याकाळी तो विषय कुणाच्या डोक्यातही नसणार.

सेलिब्रिटीचा हात लागला की भाव कसा चढतो तेही इथे नीट कळतं. 1988 मध्ये अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलच्या घरातल्या वस्तू सदबीज या ऑक्शन हाऊसने विकल्या, तेव्हा त्याच्या नुसत्या बिस्किटांच्या बरण्यांचे अडीच लाख डॉलरच्या आसपास आले. 2016 मध्ये गायक डेव्हिड बोवीच्या संग्रहातलं बास्किया या अमेरिकन चित्रकाराचं चित्र 25 ते 35 लाख पाउंडांचा अंदाज असताना फीसकट 71 लाखांना गेलं. बास्किया मोठाच चित्रकार आहे, त्यात वादच नाही, पण त्यातले किती चित्राचे आणि किती बोवीचे हे स्ट्रीम बघून सांगता येत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लॉट नंबरशेजारच्या बारीक खुणेत असते, ती बघाच, ती गॅरंटीची असू शकते. गॅरंटी म्हणजे विकणाऱ्याला किमान रक्कम आधीच कबूल केलेली असते, पुष्कळदा ती बाहेरचा कुणीतरी उचलतो आणि चित्र त्याच्यापेक्षा जास्त बोलीने दुसऱ्याकडे गेलं तर त्यालाही वाटा मिळू शकतो. म्हणजे ते चित्र विकलं जाणार हे हॉल भरण्याआधीच ठरलेलं. साल्वातोर मुंडीलाही अशीच गॅरंटी होती. आणि रिझर्व्ह किंमत, म्हणजे ज्याच्या खाली विकायचं नाही ती किंमत, येईपर्यंत लिलाव करणारा स्वतःच विक्रेत्याच्या वतीने बोली वाढवू शकतो, नियमात बसतं ते, पण आपल्याला वाटतं हॉलमध्ये झुंबड उडालीय.

आणि चित्रकार? ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीचं स्विमिंग पूलवालं चित्र 1972 मध्ये 18 हजार डॉलरला गेलं होतं, 2018 मध्ये न्यूयॉर्कला तेच 9.03 कोटींना. त्यातला एक डॉलरही कायद्याने हॉकनीला देणं लागत नव्हतं, कारण अमेरिकेत पुनर्विक्रीत कलाकाराला हक्काचा वाटा नाही. युरोपात आहे, पण तिथेही एका विक्रीमागे कमाल 12,500 युरो. स्ट्रीमवरच्या निवेदकांच्या तोंडून हे मी कधी ऐकलेलं नाही आणि याचा मला मनापासून राग येतो.

अजून एक खटकलं, मागणी थंड दिसली की काही लॉट लिलावाआधीच काढून घेतात, मग 'सगळं विकलं गेलं' म्हणायला सोपं पडतं.

पाचपैकी तीन स्टार देते, तिन्ही लॉटच्या पानाला. बोली चालू असताना गॅरंटीची खूण स्क्रीनवर ठळक दाखवली आणि शेवटी फी वेगळी करून सांगितली, तर चौथा लगेच देईन.