एनएसएस की डीएलएलई?

मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत एफवायची, म्हणजे पहिल्या वर्षाची मुलं दरवर्षी हाच प्रश्न घेऊन येतात: समाजकार्याच्या या दोन उपक्रमांपैकी कोणता घ्यावा? एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चौपाटीवर वाळूत रुतलेलं निर्माल्य उपसायचं, तर शिबिरात दत्तक गावी श्रमदान करायचं. सकाळी फावडं, रात्री पन्नास जणांच्या पोळ्या. घरी ताटही न उचलणारी मुलं तिथे पिठात हात घालतात, हे मी पाहिलंय. कपडे मात्र जुने न्या.

डीएलएलई म्हणजे आजीवन अध्ययन आणि विस्तार विभाग. इथे प्रकल्प निवडायचा असतो. स्त्रियांच्या स्थितीच्या सर्वेक्षणात प्रश्नावली घेऊन बायकांशी बोलायचं, ‘अन्नपूर्णा योजना’ या प्रकल्पात खाद्यपदार्थांचा स्टॉल लावून नफा-तोट्याचा हिशेब ठेवायचा. शेवटी अहवाल लिहावा लागतो. ‘उडान’ महोत्सवात पथनाट्यही करता येतं.

विरार-कर्जतहून येणाऱ्यांना किंवा संध्याकाळी नोकरी करणाऱ्यांना डीएलएलई झेपतं. ज्याला आठवडाभर घराबाहेर राहता येईल, त्याने एनएसएसच घ्यावं. नुसत्या वाढीव गुणांसाठी येणारे दोन्हीकडे भेटतात, हजेरीपुरते.