लेपर्ड २ए६ चं १/३५ मॉडेल : पाचपैकी चार, एक तारा ट्रॅकपायी कापला

मी फौजेत टी-७२ हा रशियन बनावटीचा रणगाडा चालवला, आता मेहकरकडे कास्तकारी करतो. त्यामुळे रंग किती नाजूक बसला यापेक्षा गाडी गाडीसारखी वाटते का, हेच मी पाहणार.

माल म्हणजे जर्मनीच्या लेपर्ड २ए६ रणगाड्याचं जोडायचं प्लॅस्टिक मॉडेल, खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याचं. किंमत साडेतीन हजारांच्या आत. कुरिअरवाला गावात येत नाही, खोकं तालुक्याहून आणावं लागलं. पण आतले भाग शाबूत निघाले.

तोफेची नळी एकसंध दिली आहे, दोन फाळक्यांची नाही, म्हणून सांधा घासत बसावं लागत नाही. मापही बरोबर. खऱ्या ए६ ची १२० मिलिमीटरची नळी ६.६ मीटर लांब, आधीच्या लेपर्डची त्याहून १.३ मीटर आखूड. मॉडेलमध्ये ती जवळजवळ १९ सेंटीमीटर भरते. पोट्टे सगळ्यात आधी तिलाच हात लावतात, तेव्हा जपा.

मन रमलं ते मागच्या बाजूला. इंजिनावरच्या दोन गोल जाळ्या इतक्या बारीक कोरल्या आहेत की रंगाचा हात जाड पडला तर बुजतील. खऱ्या गाडीत त्याखाली १२ सिलिंडरचं, १५०० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन असतं. गिअरबॉक्ससकट अख्खं धूड क्रेननं उचलून सरावलेली माणसं अर्ध्या तासाच्या आत बदलतात. आमच्याकडे इंजिन उतरवायचं म्हणजे दिवस गेलाच समजा. आणि रिव्हर्स! लेपर्ड मागे ताशी ३० किलोमीटरनं पळतो, टी-७२ जेमतेम ४ नं. गोळा डागून आडोशाला परतायचं असतं तेव्हा हा फरक काय असतो, ते ड्रायव्हरलाच विचारा.

टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या, मागच्या छपरावर पातळ झाकणं कोरली आहेत, तीही नीट पाहा. त्याखाली १५ गोळे असतात. पेटलेच तर झाकणं वर उडून आग बाहेर जाते, मधला दरवाजा बंद असेल तर माणसं वाचतात. टी-७२ मध्ये २२ गोळे माणसांच्या पायाखाली गोल मांडलेले. युक्रेनमधले उडालेले टरेट सगळ्यांनी फोनवर पाहिलेच आहेत. पण जर्मनांनीही उरलेले २७ गोळे ड्रायव्हरच्या डाव्या हाताला ठेवले, तिथं असलं झाकण नाही. शेवटी मरण ड्रायव्हरच्याच शेजारी. मॉडेलमध्ये हे काहीच दिसत नाही, आतून पोकळ आहे. निदान ड्रायव्हरची सीट तरी द्यायची होती, बाप्पा.

आता ट्रॅक, म्हणजे चाकांभोवतीची साखळी. मॉडेलमध्ये तिच्या जागी रबरी पट्टा दिला आहे. वरची बाजू चाकांवर लोंबायला हवी, ती ताठ राहते. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत तर जोड सुटून पट्टा वाकडा झाला. आपल्याकडचं ऊन कंपनीनं कुठं पाहिलं असणार! पण ६० टनांवरची गाडी चिखलात चालते ती ट्रॅकच्या जोरावर. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वावरात ट्रॅक्टर रुतलेला ज्यानं काढला, त्याला हे सांगावं लागत नाही.

पाण्यात भिजवून लावायच्या खुणांमध्ये जर्मन आणि डच असे दोन पर्याय आहेत. मी डच लावल्या, मुद्दाम. नेदरलँड्सनं २०११ साली पैसे वाचवायला आपल्या टँक बटालियन मोडीत काढल्या आणि पुढे शंभर लेपर्ड फिनलँडला विकले. शीतयुद्धात दोन हजारांवर लेपर्ड २ बाळगणारा जर्मनीही तीनशेच्या घरात आला होता. मग २०२२ मध्ये रशिया युक्रेनमध्ये घुसला आणि सगळ्यांना टँक आठवले. पोलंडनं कोरियाकडून के२ घेतले, अमेरिकेकडून अब्राम्स. त्याच डचांनी आता नवे लेपर्ड २ए८ मागवलेत. ड्रोनच्या जमान्यात टँक संपला म्हणणाऱ्यांनी ही खरेदी पाहावी. अर्थात ड्रोन अडवायच्या जाळीशिवाय आता कुणी पुढे जात नाही, तेही खरं. या खोक्यात ती जाळी नाही, मी मच्छरदाणीच्या तारेची केली.

बारा-तेरा वर्षांच्या पोरासाठी घेत असाल तर सोबत बसा, आरशांचे भाग तांदळाएवढे आहेत. गोंद आणि रंग खोक्यात येत नाहीत, वेगळे मागवावे लागतात. आणि मागवायचंच तर दिवाळीनंतर, उन्हाळ्यात नको.