६१७४ च्या पुढचा माग : 'झेडबीमॅथ ओपन' वापरून पाहताना

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचे ६१७४ या संख्येवरील टिपण १९५५ साली 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'त छापून आले. चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करीत जावे (उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य धरावे), की फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ हाती येते. या टिपणावर पुढे कोणी काय रचले, हे पाहण्यासाठी मी दोन संध्याकाळी 'झेडबीमॅथ ओपन' या गणिती लेखांच्या सूचीवर घालवल्या. १९३१ मध्ये जर्मनीत सुरू झालेली ही समीक्षासूची २०२१ पासून सर्वांना विनामूल्य खुली आहे. वर्गणी भरणारे ग्रंथालय हाताशी नसलेल्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

एखाद्या लेखाच्या नोंदीत, तो ज्या नंतरच्या लेखांनी संदर्भ म्हणून घेतला त्यांची यादी मिळते. मात्र ही यादी नंतरच्या लेखांच्या संदर्भसूचींवरून तयार होते आणि जुन्या लेखांच्या सूची सर्वच भरलेल्या नसतात. त्यातून कापरेकरांचे नाव आता संज्ञाच झाले असल्याने पुष्कळ लेखक मूळ टिपणाचा उल्लेख न करताच ते वापरतात. म्हणून मी शीर्षकातील शब्दावरून शोध घेतला, तेव्हा हेल्मुट हासे आणि प्रिचेट यांचा १९७८ चा लेख लागला. चार अंकी कापरेकर स्थिरांक (६१७४ सारखी, जिच्यावर ही वजाबाकी नेहमी येऊन थांबते अशी संख्या) कोणकोणत्या पायांच्या (दशमानाचा पाया दहा, तसे इतर) संख्यापद्धतींत असतात, हे त्यात ठरवले आहे; हासेंसारखा मातब्बर गणिती ऐंशीच्या घरात असताना या 'खेळा'कडे वळला, याची मौज वाटली. पुढे १९८१ च्या 'फिबोनाची क्वार्टर्ली'तील लेखाने दशमान पद्धतीत असे स्थिरांक ४९५ आणि ६१७४ हे दोनच असल्याचे दाखवले.

नावावरून शोधण्यात एक फसगत आहे. 'कापरेकर संख्या' हा विषय निराळा : ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे पुन्हा ४५. दोन्ही विषय अंकांच्या मांडणीचेच असल्याने ११ए६३ हा गणिताच्या विषयवर्गीकरणातील क्रमांक लावूनही ते वेगळे होत नाहीत. नोंदीतला सारांश वाचूनच निवड करावी लागते. सर्वसाधारण शोधयंत्रावर निकाल कितीतरी जास्त मिळाले, पण त्यांत एकच लेख तीनदा आणि शालेय प्रकल्पही होते. मी आधी ही सूची चाळतो आणि मगच तिकडे जातो.