सलून बंद, केस आखूड: मशीन, कात्री, की वाढू द्यायचे?

सलून तीन महिने बंद राहिलं तरी लांब केसांच्या बाईचं काही बिघडत नाही. वेणी दोन बोटं वाढते, संपलं. पंचाईत होते ती आखूड केसवाल्यांची. माझा गेली वीसेक वर्षं बॉयकट आहे. पाचव्या आठवड्यात कानांवरची झुलपं बाहेर वळतात, सहाव्यात मानेवर बदकाची शेपटी फुटते आणि सातव्यात लिफ्टमधल्या आरशाकडे पाठ करून उभं राहावं लागतं.

२०२० मध्ये हे सगळ्यांच्याच वाट्याला आलं. २५ मार्चपासून देश बंद झाला आणि महाराष्ट्रात सलूनची शटरं वर जायला २८ जून उजाडला. तेव्हाही केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग आणि थ्रेडिंग एवढ्यालाच परवानगी होती. त्या तीन महिन्यांत आमच्या ठाण्याच्या घरात चार डोकी होती: मी, नवरा, कॉलेजातला मुलगा आणि ऐंशी ओलांडलेले सासरे. चौघांनी चार वाटा धरल्या. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सलून परत बंद झाली तेव्हा मात्र चौघेही एकाच वाटेने गेलो.

आत्ता लिहायचं कारण मावशी. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, दोन महिने जिना उतरायचा नाही, आणि घरी येऊन केस कापणारं कोणी मिळत नाही. मावसबहिणीने फोन करून विचारलं, "ताई, ट्रिमर घेऊ की साधी कात्री चालेल?" तिला जे तासभर सांगितलं तेच इथे.

आधी एक हिशोब

डोक्याचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. हा आकडा सगळीकडे सारखाच, पण दिसतो सारखा नाही. टाळूवर सात सेंटिमीटरचे केस असतील तर महिन्याने आठ होतात, कोणाच्या लक्षातही येत नाही. कानाजवळ आणि मानेवर सहा मिलिमीटरचे असतील तर ते महिन्यात जवळजवळ तिप्पट होतात. म्हणजे "केस वाढले" असं आपण म्हणतो तेव्हा नव्वद टक्के वेळा फक्त कडा वाढलेल्या असतात: कल्ले, कानामागचा भाग, मान. हे ध्यानात ठेवलं तर पुढची निम्मी भांडणं मिटतात, कारण घरी केस बिघडतात ते बहुतेक वेळा वरचे कापायला गेल्यामुळे.

मशीन आणि कात्री

खरी निवड या दोघांतच आहे, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबते.

मशीन म्हणताना लोक दोन वस्तू एकत्र करतात. दाढीचा ट्रिमर वेगळा आणि केसांचा क्लिपर वेगळा. ट्रिमरचं पातं अरुंद, मोटर लहान. आखूड दाढीसाठी ठीक, पण अख्ख्या डोक्यावर फिरवलं की तापतं, दाट केसांत अडकतं आणि केस कापायच्या ऐवजी ओढतं. क्लिपरचं पातं रुंद, जोरही जास्त. लॉकडाउनच्या सुरुवातीला ऑनलाइन फक्त जीवनावश्यक वस्तू येत होत्या, त्यामुळे घरात होता त्या दाढीच्या ट्रिमरवरच आमच्या मुलाने भागवलं. बाथरूममध्ये एकट्याने सुरुवात केली आणि डावी बाजू झाल्यावर बॅटरी संपली. तो ट्रिमर चार्जिंगला लावून चालत नाही, हे त्या दिवशी कळलं. डावीकडे सैनिक आणि उजवीकडे कवी, अशा अवस्थेत त्याने एक ऑनलाइन लेक्चर कॅमेरा बंद ठेवून काढलं.

मशीनचा मोठा गुण म्हणजे त्याला अक्कल लागत नाही. पात्यावर प्लॅस्टिकचा कंगवा बसवला की ठरलेल्यापेक्षा आखूड कापायची सोयच राहत नाही. क्लिपरवरचे नंबर म्हणजे इंचाचे आठवे भाग: एक नंबर म्हणजे तीन मिलिमीटर, दोन म्हणजे सहा, तीन म्हणजे साडेनऊच्या आसपास, चार म्हणजे साडेबारा. न्हाव्याला "दोन नंबर मारा" म्हणतो ते हेच. दाढीच्या ट्रिमरवर मात्र बहुधा सरळ मिलिमीटर छापलेले असतात. तिथे "दोन" वर लावलं तर दोन मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ गोटाच. शेजारच्या एकांचा असा घोळ झाला होता. नंबर आणि मिलिमीटर यांची गल्लत ही घरच्या कटिंगमधली सगळ्यात महाग चूक.

मशीनचा दोषही तोच, की त्याला अक्कल नाही. ते सगळीकडे सारखंच कापतं, आणि आखूड केसांचा आकार तर कमी-जास्त लांबीमुळेच येतो. शिवाय मशीनची चूक एका झटक्यात होते. कंगवा नीट बसला नसेल, किंवा झटकायला म्हणून काढला आणि परत लावायचा राहिला, तर कपाळापासून भोवऱ्यापर्यंत पांढरा पट्टा.

कात्रीची चूक हळूहळू होते आणि हा तिचा फायदा आहे. एका वेळी अर्ध्या बोटाइतकंच बिघडतं, आणि बिघडतंय हे दिसल्यावर थांबता येतं. तोटा असा की कात्रीला हात हवा आणि वेळ हवा. मशीनने वीस मिनिटांत होणारं डोकं कात्रीने नवख्या माणसाला तासभर पुरतं. तेवढा वेळ सात वर्षांचं पोर बसत नाही आणि पाठ दुखणारा म्हातारा माणूसही नाही. सासऱ्यांचे केस मी कात्रीने कापले. अर्ध्या तासाने ते म्हणाले, "सूनबाई, कापतेयस का शिवतेयस?"

कात्री कोणती, हेही महत्त्वाचं. कागद, दुधाच्या पिशव्या, कढीपत्ता कापलेली कात्री नको. तिच्या पात्यांत केस दुमडतो, चावल्यासारखा तुटतो आणि डोकं उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसतं. केसांची पाच-सहा इंची कात्री वेगळी घ्यावी आणि घरात सगळ्यांना धमकी देऊन ठेवावी. आमच्या कात्रीच्या डब्यावर मी लाल पेनने "फक्त केस" असं लिहिलंय, तरी त्यात एकदा सेलोटेपचा तुकडा सापडला.

ओले की कोरडे? मशीनला केस कोरडेच हवेत, ओल्या केसांच्या बटा होतात आणि पातं घसरतं. कात्रीसाठी किंचित ओलसर बरे, पण इथे एक खोच आहे. ओला केस ताणला जातो आणि वाळला की वर चढतो. भुवयांना टेकणारी पुढची झुलपं ओली असताना कापली की वाळल्यावर मध्यकपाळावर येतात. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनी कोरडेच कापावेत, नाहीतर दोन बोटं कापली म्हणताना चार बोटं जातात. आणि पुढचे केस आडवी कात्री लावून सरळ रेषेत कधीच कापू नयेत, कटोरा कट होतो. कात्री उभी धरायची, टोकं खालून वर, थोडी थोडी टोचत जायचं.

भोवरा हा दोघांचाही शत्रू. तिथे केस गोल फिरतात, त्यामुळे मशीन एकाच दिशेने नेलं तर काही केस आडवे पडून सुटतात आणि दुसऱ्या दिवशी अंघोळ झाल्यावर अँटेनासारखे उभे राहतात. मशीन असेल तर चारही बाजूंनी फिरवायचं. कात्री असेल तर भोवऱ्यापाशी हात आखडायचा. तिथले केस लांब असतात तोवर वजनाने बसतात, आखूड झाले की बंड करतात.

पैशांचं म्हणाल तर बरं मशीन हजार-दीड हजाराला येतं, चांगली कात्री त्याच्या निम्म्यात. गल्लीतल्या कटिंगच्या दराने दोन्ही वर्षभरात वसूल होतात, एका घरात तीन पुरुष असतील तर त्याच्याही आधी. मशीनला मात्र देखभाल लागते: दर वेळी ब्रशने केस झटकणं आणि पात्यावर हलक्या तेलाचे एक-दोन थेंब. शिलाई मशीनचं तेल चालतं. खोबरेल नको, थंडीत थिजतं आणि पातं चिकटून बसतं.

वाढू द्यायचे

ही माझी वाट होती. वाटते तेवढी सोपी नाही. बॉयकट वाढताना तीन अवस्था येतात: टोपी, मशरूम आणि शेवटी काहीतरी बॉबसारखं. मशरूमचा महिना कठीण. त्यात काळ्या बारीक पिना, एक कापडी हेअरबँड आणि रात्री अगदी चार थेंब तेल, एवढ्यावर निभावलं. तेल जास्त झालं की आखूड केस चप्प बसतात आणि कपाळावर तेलाचे ओघळ येतात, मुंबईच्या उकाड्यात तर नकोच.

वाढवण्याचा फायदा एकच पण पक्का: काहीही कायमचं बिघडत नाही. न्हाव्याकडे जायला तीन-चार आठवडेच असतील तर हाच पर्याय. त्याहून जास्त काळ असेल तर निदान मानेवरची शेपटी तरी कापून घ्यावी. वरचे केस वाढत असताना मान स्वच्छ असेल तर बघणाऱ्याला वाटतं, मुद्दाम वाढवलेत.

चकोट

नवऱ्याने हा मार्ग धरला. टाळूवर आधीच विरळ होते, म्हणाला, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. मशीन एक नंबरवर, दहा मिनिटं. दिसला चांगलाच, खोटं कशाला बोलू. पण खोलीतून बाहेर आला तसे सासरे ताडकन उठून बसले. "अरे, मी अजून आहे ना!" आपल्याकडे बाप गेल्याशिवाय मुलगा डोक्याचे केस उतरवत नाही, हे त्याच्या लक्षातच नव्हतं. पुढे आठवडाभर व्हिडिओ कॉलवर नातेवाईक आधी गप्प व्हायचे आणि मग हळूच विचारायचे, "काका बरे आहेत ना?" तेव्हा घरात वडीलधारे असतील तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या.

वस्तरा किंवा ब्लेड मात्र घरी डोक्यावर लावू नका. मागची बाजू स्वतःला दिसत नाही, कातडीला खाचा पडतात. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांनी तर नाहीच. कंगवा काढलेलं मशीन पुरे होतं. आणि उतरवल्याने केस दाट येतात हा समज चुकीचा. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला जाड लागतं, एवढंच.

कोणी कोणाचे कापायचे

माझ्या मते हा प्रश्न अवजारापेक्षा मोठा आहे. स्वतःचे स्वतः कापणं हे शेवटचं साधन. आरशात हात उलटा चालतो, आणि मान वळवली की मानेवरची रेघही वळते. घरात शांत हाताचं जे कोणी असेल त्याच्या हाती कात्री द्या, मग ते दहावीतलं पोर का असेना. नातं कोणतं ते बघू नका. नवराबायकोंत मात्र कापताना बोलायचं नाही, असा आमच्या घरात नियम आहे.

२०२१ मध्ये चौघांनी धरलेली वाट अशी: दर पंधरा दिवसांनी फक्त कडा. खुर्ची गॅलरीत, उजेड पाठीमागून. गळ्याभोवती जुनी सुती चादर, मानेला टाल्कम पावडर, म्हणजे केस चिकटत नाहीत. कान बोटाने पुढे दुमडायचा. आधी तीन नंबरने कानाच्या वरपर्यंत, खालून वर. डोक्याचा गोलावा सुरू होतो तिथे मशीन डोक्यावर चढवायचं नाही, विमानासारखं बाहेर उचलायचं. मग दोन नंबरने अगदी खालची दोन बोटं. शेवटी कंगवा काढून मशीन उलटं धरायचं आणि मानेवरची लव काढायची. मानेची रेघ जिथे मुळात आहे तिथेच ठेवायची. ती सरळ करायच्या नादात वर वर जाते आणि मग माणूस मागून दत्तक घेतल्यासारखा दिसतो. वरचे केस दोन महिन्यांतून एकदा, कात्रीने, बोटांच्या चिमटीत धरून, एक सेंटिमीटरच. सगळं पंचवीस मिनिटांत होतं. नंतर झाडू आणि ओलं फडकं दोन्ही फिरवा, बारीक केस अनवाणी पायात काट्यासारखे रुततात.

मावशीसाठी मी मावसबहिणीला मशीनच घ्यायला सांगितलं. अंथरुणावरच्या माणसाला तासभर एका कुशीवर ठेवणं बरोबर नाही, चार नंबरने सगळीकडून एकसारखं करणं बरं. मावशीला ते पटलेलं नाही, तिला कानामागे दोन बटा हव्या आहेत. तेवढ्या ठेवायला सांगितल्यात. सात-आठ वर्षांचं मूल मशीनच्या आवाजाला भीत असेल तर दोन दिवस आधी नुसतं चालू करून त्याच्या हातात द्या. तरी भीत असेल तर कात्री आणि कार्टून.

आणि खड्डा पडलाच तर? लगेच भरायला जाऊ नका. खड्डा बुजवायला म्हणून आजूबाजूचं कापतात आणि तासाभरात चकोट होतं. मुलाला २०२१ मध्ये कानामागे माझ्याच हातून रुपयाएवढा खड्डा पडला होता. दहा दिवस हात लावू दिला नाही. आजूबाजूचे केसही वाढतच असतात, त्यामुळे खड्डा काही खरा भरत नाही, पण तळाचा पांढरेपणा जातो आणि लांबून दिसेनासा होतो. तोवर त्याने कानावर हेडफोन चढवून ठेवले. एरवीही तो ते काढत नाहीच.